उद्या कोण जिंकणार, आणि परवा काय?

माझे छोटोकाका, म्हणजे वडिलांचे सर्वांत धाकटे भाऊ, ईस्ट बंगाल जिंकेल असे कधीही म्हणत नाहीत. त्यांचे वय आता ७८. कोलकात्याच्या दक्षिणेला, जादवपूरजवळ विजयगढ नावाची वसाहत आहे. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी ती वसवली. बारिसालहून आईच्या कडेवर बसून आलेले काका तिथेच वाढले आणि तिथल्याच दोन खोल्यांच्या घरातून त्यांनी गेली साठ वर्षे प्रत्येक मोठ्या सामन्याआधी एकच भाकीत केले आहे : 'शून्य-दोन. आपण हरणार.' १९७५च्या आयएफए शील्डच्या अंतिम सामन्याआधीही त्यांनी हेच सांगितले होते. त्या दिवशी ईस्ट बंगालने मोहन बागानला पाच गोलांनी हरवले. काकांना त्याचे वैषम्य वाटले नाही. भाकीत चुकावे म्हणूनच ते केले होते.

मी सार्वजनिक धोरण हा विषय शिकवतो. वर्गात जोखमीविषयी बोलताना काकांचे उदाहरण मी अनेकदा दिले आहे. आपण हरणार असे आधीच जाहीर केले, की हरल्यावर निदान शब्द खरा ठरल्याचे समाधान हाती राहते आणि जिंकल्यावर तर काही बोलायचेच उरत नाही. विद्यार्थी हसतात. यात एक कच्चा दुवा आहे, तो मी त्यांना सांगत नाही : काकांचा हा विमा त्यांना शांत झोप मिळवून देत नाही. अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री ते तीन वेळा उठून पाणी पितात, आणि सामना सुरू झाला की दूरचित्रवाणीच्या खोलीत न बसता स्वयंपाकघरात जाऊन बसतात. भिंतीपलीकडून येणाऱ्या आवाजावरून काय घडले ते त्यांना कळते. हृदयविकाराच्या डॉक्टरांनी सामने पाहू नका असे बजावल्यापासून ही व्यवस्था आहे, असे ते सांगतात. माझ्या आठवणीत मात्र ती डॉक्टरांच्याही आधीपासूनची आहे.

गेल्या डिसेंबरात मात्र काकांनी भाकीत केले नाही. हा लेख त्याविषयी आहे.

सुपर चषकाचा अंतिम सामना ७ डिसेंबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर होता. एफसी गोवा विरुद्ध ईस्ट बंगाल. दोन्ही उपांत्य सामने ४ तारखेला झाले, म्हणजे पाठीराख्यांच्या हाती प्रवासाची सोय करायला जेमतेम दोन दिवस होते. आणि नेमक्या त्याच आठवड्यात देशभरातील विमानसेवा कोलमडली होती. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम, त्यासाठी न केलेली तयारी, हजारो रद्द फेऱ्या, विमानतळांवर पडलेल्या बॅगांचे डोंगर. ते सारे वाचकांच्या स्मरणात असेलच. मी बंगळूरला राहतो. माझेही विमान रद्द झाले. तेव्हा ६ तारखेच्या संध्याकाळी मॅजेस्टिकहून सुटणाऱ्या एका खासगी स्लीपर बसमध्ये, नेहमीच्या तिप्पट भाडे मोजून, मी जागा मिळवली. चढताच पाहिले तर लाल-सोनेरी स्कार्फ गुंडाळलेली आठ-नऊ माणसे आधीच बसलेली होती. सगळी बंगळूरची नोकरदार बंगाली मंडळी. कोलकात्याहून येणारे त्यांचे मित्र विमानतळावरूनच घरी परतले होते. रेल्वेने निघायचे तर जवळजवळ दोन दिवस लागतात आणि आरक्षण तर महिनाभर आधीच संपलेले असते.

अंतिम सामन्याकडे निघालेल्या पाठीराख्यांबरोबर रात्रीचा प्रवास कोणी केला नसेल, तर त्याने एकदा जरूर करावा. जिंकून परतणाऱ्यांची बस कंटाळवाणी असते. तीच तीच गाणी, नंतर घोरणे. जाणारी बस मात्र जागी असते. आमच्या बसमधला एक तरुण अभियंता लॅपटॉप उघडून बसला होता. दोन्ही संघांनी निर्माण केलेल्या गोलच्या संधी, प्रत्येक संधीचे मूल्य, यांचा तक्ता त्याने तयार केला होता आणि त्यावरून ईस्ट बंगालच्या विजयाची शक्यता निम्म्याहून किंचित अधिक निघत होती. त्याला विचारले, की मग हाताची नखे का कुरतडतो आहेस? तो म्हणाला, 'किंचित अधिक म्हणजे किती कमी, हे मला ठाऊक आहे ना.' त्याच्या पलीकडे एका बँकेत काम करणाऱ्या बाई होत्या. जानेवारी २०२४मध्ये भुवनेश्वरला याच चषकाच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने ओडिशाला जादा वेळेत ३-२ असे हरवले आणि बारा वर्षांनी राष्ट्रीय पातळीवरचा चषक मिळवला, तेव्हा त्या मैदानात होत्या. तेव्हाचा स्कार्फ त्यांनी तेव्हापासून धुतलेला नाही. धुणारही नाहीत. गुण किती, गोल किती, यावर त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. कोणी 'आपण जिंकणार' म्हटले की त्या खिडकीच्या लाकडी चौकटीला बोट लावत. बसच्या खिडकीला लाकूड नव्हते, पण त्यांना ते चालत होते.

त्यांची भीती अनाठायी आहे, असे फुटबॉलचा इतिहास जाणणारा बंगाली म्हणणार नाही. १३ जुलै १९९७ रोजी सॉल्ट लेकच्या मैदानात फेडरेशन चषकाचा उपांत्य सामना झाला. १,३१,७८१ प्रेक्षक होते. भारतात एखाद्या सामन्याला जमलेली ही विक्रमी गर्दी. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांनी त्या हंगामात आपल्या 'डायमंड' व्यूहरचनेने सगळ्यांना थक्क केले होते. सामन्याआधी त्यांनी ईस्ट बंगालच्या खेळाडूंची यथेच्छ टिंगल केली : बायचुंगचा 'चुंगचुंग', ओमोलोचा 'ऑम्लेट' आणि सोसोचा 'शशा', म्हणजे काकडी. ईस्ट बंगालचे प्रशिक्षक पी. के. बॅनर्जी यांना आपल्या खेळाडूंना पेटवण्यासाठी वेगळे काही करावे लागले नसावे. बायचुंग भुतियाने तीन गोल केले, सामना ४-१ असा संपला. काका त्या सव्वा लाखांत होते. सामन्याआधी प्रतिस्पर्ध्याचे नाव वाकडे घेऊ नये, हा नियम त्यांनी त्या दिवसापासून घरात लागू केला. आमच्या घरात जेवणाच्या ऑम्लेटलाही सामन्याच्या दिवशी 'अंड्याची पोळी' म्हणतात.

बसमध्ये पैजाही लागल्या होत्या. कोणी हरले तर इलिश खाऊ घालणार, कोणी रात्रीचे जेवण देणार. पैसे लावून ऑनलाइन खेळायच्या सर्व खेळांवर, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्टमध्ये केला. त्याआधी याच तरुणांपैकी निम्मे मोबाइलवर संघ जुळवून पैसे लावत असत, असे त्यांनीच सांगितले. त्या कायद्याच्या गुणदोषांची चर्चा मी इतरत्र केली आहे. इथे एवढेच नोंदवतो, की मासळीची पैज लावणारा माणूस आपल्याच संघावर लावतो. मोबाइलवर पैसे लावताना मात्र समोरच्या संघाचा आघाडीपटूही आपल्या 'संघात' घ्यावा लागे आणि मग त्याने गोल केल्यावर हसावे की रडावे हे कळत नसे. एकाने हे कबूल केले तेव्हा बँकेतल्या बाईंनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिले, तशी नजर कोणत्याही कायद्यात नाही.

पहाटे घाट उतरताना मोबाइलना रेंज आली आणि बस एकदम गप्प झाली. उत्तर गोव्यात हडफडे येथील एका नाइट क्लबला मध्यरात्री आग लागली होती. सकाळपर्यंत मृतांचा आकडा २५वर गेला. त्यांतले बहुतेक तिथले कामगार होते, दूरच्या राज्यांतून पोटासाठी आलेले. आमचा सामना दक्षिणेत मडगावला होता, आगीचे ठिकाण उत्तरेत, आणि तरी पुढचा तासभर कोणी सामन्याचे नाव काढले नाही. बंगळूरच्या माणसाला असे गप्प होण्याचा सराव आहे. ४ जून रोजी आमच्या शहरात क्रिकेटच्या विजयोत्सवासाठी चिन्नास्वामी मैदानाबाहेर जमलेल्या गर्दीत ११ जण चेंगरून मेले. आणि ईस्ट बंगालच्या माणसाला तर त्याहून जुनी आठवण आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या लीग सामन्यात प्रेक्षकांत मारामारी झाली, चेंगराचेंगरी झाली, १६ जण घरी परतले नाहीत. काका परतले, पण अनवाणी. आजी दारात उभी होती. दरवर्षी १६ ऑगस्टला कोलकात्यात फुटबॉलप्रेमी रक्तदान करतात. काका वयोमर्यादा उलटेपर्यंत चुकले नाहीत. खेळ पाहायला गेलेला माणूस परत येईल की नाही, ही धास्ती कोणत्याही अंतिम सामन्याच्या धास्तीखाली एक थर म्हणून असतेच. पाठीराख्यांच्या गर्दीकडे केवळ बंदोबस्ताचा प्रश्न म्हणून पाहणाऱ्या प्रशासनाला तो थर दिसत नाही.

मडगावचे कदंब बसस्थानक फातोर्डा मैदानापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. जवळच्या एका लहानशा हॉटेलात भाजी-पाव खायला बसलो. समोर नारिंगी जर्सी घातलेले एक वयस्क गृहस्थ येऊन बसले. मुरगाव बंदरातून निवृत्त झालेले, साष्टीतल्या एका गावचे. माझ्या गळ्यातला स्कार्फ पाहून त्यांनी आधी आगीविषयी दोन शब्द सांगितले, मग चहा मागवला, आणि मग विचारले, 'क्रिस्तियानो आठवतो?'

परका कोणी रोनाल्डोविषयी बोलतो आहे असे समजला असता. तसे समजायला कारणही होते. ऑक्टोबरात सौदी अरेबियाचा अल नस्र संघ आशियाई स्पर्धेसाठी याच मैदानावर येणार म्हणून रोनाल्डो येईल की नाही यावर सगळ्या गोव्याने महिनाभर भाकिते केली. तो आला नाही. एफसी गोवा १-२ असा हरला, ब्रायसन फर्नांडिसने एक गोल केला आणि लोक तेवढ्यावर खूश होऊन घरी गेले. पण माझ्यासमोरचे गृहस्थ दुसऱ्या क्रिस्तियानोविषयी विचारत होते. ब्राझीलचा क्रिस्तियानो ज्युनियर २००३-०४च्या हंगामात ईस्ट बंगालकडून खेळला, संघाला राष्ट्रीय लीग जिंकून दिली आणि पुढच्या हंगामात गोव्याच्या धेंपो क्लबकडे गेला. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरला फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात त्याने मोहन बागानविरुद्ध दोन गोल केले. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर झाली, तो कोसळला आणि त्यातच गेला. धेंपोने २-० असा चषक जिंकला आणि त्याचा १० क्रमांक पुन्हा कोणाला दिला नाही. हा माणूस त्या रात्री गावातल्या टपरीवर सामना पाहत होता. मी कोलकात्यात वसतिगृहात होतो. मोहन बागान हरावा म्हणून धेंपोच्या बाजूने ओरडत होतो, आणि मग कोणीच ओरडले नाही. एकवीस वर्षे उलटल्यावर आम्ही दोघे त्याच्याविषयी बोललो, आणि चहा थंड झाला.

मग मी रिवाजाप्रमाणे विचारले, आज काय होणार? 'एक-शून्य, गोवा,' ते म्हणाले. सुरात फारसा जोर नव्हता. थोडे थांबून त्यांनीच विचारले, 'तें सोड, पात्रांव. लीग केन्ना सुरू जातली?'

काकांनीही फोनवर आदल्या दिवशी हेच विचारले होते. 'भाकीत काय करू? उद्या हरलो तर पुढच्या वेळी बघू, असं म्हणायला पुढची वेळ कुठाय? आधी ते सांग.'

हा प्रश्न कुठून आला, ते थोडक्यात सांगतो, कारण मराठी वाचकांना क्रिकेट मंडळाचे व्यवहार जितके परिचित आहेत तितके हे नसतील. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने डिसेंबर २०१०मध्ये आपले व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी एका खासगी भागीदाराला दिले. एकंदर रक्कम ७०० कोटी रुपये, म्हणजे वर्षाला सरासरी पन्नास कोटींहून कमी. त्यातून इंडियन सुपर लीग उभी राहिली. या कराराची मुदत ८ डिसेंबर २०२५ रोजी संपणार होती. तारीख पंधरा वर्षे आधीपासून सर्वांना ठाऊक होती! तरीही नूतनीकरणाची बोलणी लांबत गेली. महासंघाच्या घटनेचा वाद सर्वोच्च न्यायालयात होता, त्यामुळे नवा करार करण्याचा अधिकार कोणाला, हेच ठरेना. जुलैत लीग स्थगित झाली. सप्टेंबरात न्यायालयाने घटनेला मंजुरी दिली, ऑक्टोबरात निविदा निघाली आणि ७ नोव्हेंबरला मुदत संपली तेव्हा एकही निविदा आलेली नव्हती. काही क्लबांनी सराव बंद केला. खेळाडूंनी एकत्र येऊन, आम्हाला खेळायचे आहे, एवढेच सांगणारे निवेदन काढले. जगातल्या सर्वाधिक लोकसंख्येच्या देशातले व्यावसायिक फुटबॉलपटू खेळू द्या म्हणून विनवत होते.

त्याच काळात राष्ट्रीय संघही घसरत होता. १४ ऑक्टोबरला याच फातोर्डाच्या मैदानावर सिंगापूरने भारताला २-१ असे हरवले आणि २०२७च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशने भारतावर १-० अशी मात केली. असे बावीस वर्षांत प्रथमच घडले. काकांचा जन्म आज बांगलादेशात असलेल्या बारिसालचा. त्या रात्री त्यांना फोन केला तर म्हणाले, 'आमच्याकडची पोरं चांगली खेळली.' आणि मग बराच वेळ गप्प राहिले, जणू स्वतःच्याच वाक्याने दचकले असावेत.

अर्थात सुपर चषक झाला, आणि चांगला झाला. ईस्ट बंगालला पहिल्याच सामन्यात धेंपोने २-२ असे रोखले. धेंपो म्हणजे पाच वेळचे राष्ट्रीय विजेते, जे २०१६मध्ये महासंघाच्या नव्या आराखड्याचा निषेध म्हणून, गोव्याच्याच साळगावकर आणि स्पोर्टिंग या क्लबांप्रमाणे, राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले होते. माझ्यासमोरच्या गृहस्थांना तो हिशेब तोंडपाठ होता. 'आमचे तीन क्लब गेले तेव्हा तुम्ही कोलकातावाले काही बोलला नाहीत,' ते म्हणाले. हे खरे आहे. तेव्हा आम्हाला वाटले, तो गोव्याचा प्रश्न आहे.

धोरणाच्या भाषेत या सगळ्या व्यवहारातले पक्षकार मोजले तर ते असे भरतात : महासंघ, राज्य संघटना, क्लबांचे मालक, व्यापारी भागीदार, प्रक्षेपक, न्यायालय, मंत्रालय, आणि अलीकडे नव्या घटनेमुळे महासंघाच्या आमसभेत स्थान मिळालेले माजी खेळाडू. बसमध्ये माझ्याबरोबर जागणाऱ्या त्या आठ-नऊ जणांना या यादीत जागा नाही. गंमत अशी, की निविदेत विकायला काढलेली वस्तू तेच होते. प्रक्षेपण हक्क म्हणजे दुसरे काय? कुणाची तरी झोप उडालेली असते, म्हणून त्या हक्कांना किंमत येते. जर्मनीत क्लबच्या मतदानाचे बहुमत सदस्यांच्या हाती राहावे असा नियम आहे, 'पन्नास अधिक एक'. तो जसाच्या तसा इथे आणावा असे मी म्हणत नाही. कोलकात्यातल्या सदस्यांच्या क्लबांतील निवडणुका ज्यांनी पाहिल्या आहेत ते असे म्हणायला धजावणार नाहीत. पण लीग बंद पडण्याची वेळ आली तर पाठीराख्यांना ते निदान लेखी कळवावे, तिकिटाचे आगाऊ पैसे परत कसे मिळतील ते सांगावे, वेळापत्रक हंगामाआधी अमुक दिवस जाहीर करावे, इतपत बंधन महासंघावर घालायला कोणता घटनात्मक अडथळा आहे, हे मला समजलेले नाही.

पाठीराखे संघटित होऊ शकत नाहीत, हे तर खरेच नाही. १८ ऑगस्ट २०२४ रोजी ड्युरँड चषकातला मोहन बागान-ईस्ट बंगाल सामना रद्द करण्यात आला. आर. जी. कर रुग्णालयातील डॉक्टर तरुणीवरील अत्याचार आणि हत्येविरुद्ध कोलकाता पेटले होते, आणि सामन्याच्या बंदोबस्ताला पुरेसे पोलीस नाहीत असे कारण देण्यात आले. त्या संध्याकाळी मैदानाबाहेर दोन्ही क्लबांचे, आणि मोहमेडनचेही, पाठीराखे एकत्र जमले. शंभर वर्षांचे वैरी एकमेकांच्या खांद्यावर बसून न्यायाची मागणी करत होते. त्यांना पांगवायला पोलीस पुरेसे निघाले.

ईस्ट बंगालच्या बोधचिन्हात मशाल आहे. ती कुठून आली, याची कथा क्लबात अशी सांगितली जाते, की १९३० साली सविनय कायदेभंगाच्या धामधुमीत कोलकाता लीग अर्ध्यावर सोडून देण्यात आली, वरच्या श्रेणीत जाण्याची क्लबची संधी हुकली आणि पाठीराखे पेटत्या मशाली घेऊन रस्त्यावर उतरले. म्हणजे क्लबची खूणच मुळी बंद पडलेल्या लीगमधून जन्मली. हे मी हॉटेलात सांगितले तेव्हा गृहस्थ मनापासून हसले. 'म्हणजे तुम्हांला सवय आहे,' म्हणाले.

सामन्याविषयी फार लिहीत नाही. वाचकांनी तो पाहिला असेल किंवा त्याचा निकाल वाचला असेल. नव्वद मिनिटे गोल नाही, एकशेवीस मिनिटे गोल नाही. माझ्या शेजारी बँकेतल्या बाई डोळे मिटून बसल्या होत्या आणि अभियंता त्यांना कानात सांगत होता. पेनल्टी शूटआउट पाच फटक्यांत संपले नाही, पुढे गेले. अखेर ६-५ असा एफसी गोवा जिंकला. मे महिन्यात भुवनेश्वरला मिळवलेला चषक त्यांनी राखला. लॅपटॉपमधली ती किंचित अधिक शक्यता उरलेल्या किंचित कमीने खाल्ली. बाहेर पडताना गर्दीत नारिंगी जर्सीतले माझे सकाळचे गृहस्थ पुन्हा दिसले. ते नाचत नव्हते. त्यांनी दुरून हात उंचावला, मी स्कार्फ हलवला.

काकांना फोन केला. स्वयंपाकघरातून बाहेर येऊन त्यांनी तो घेतला. त्यांना निकाल कळला होता. 'भाकीत केलं असतं तर जिंकलो असतो,' ते म्हणाले. सुरात थट्टा नव्हती. त्या वाक्यातला अपराधभाव मला परतीच्या संपूर्ण प्रवासात पुरला. दुसऱ्या दिवशी, ८ डिसेंबरला, बस बंगळूरला पोहोचण्याच्या सुमारास तो पंधरा वर्षांचा करार संपला.

त्यानंतर पाचच दिवसांनी, १३ तारखेला, लिओनेल मेस्सी कोलकात्याला आला. सामना नव्हता, केवळ दर्शन होते. सॉल्ट लेकच्या मैदानात हजारो रुपयांची तिकिटे काढून लोक बसले होते. मेस्सीभोवती मान्यवरांचे असे काही कोंडाळे पडले की गॅलरीतून तो दिसलाच नाही, आणि वीसेक मिनिटांत तो निघून गेला. मग खुर्च्या उखडल्या गेल्या, बाटल्या फेकल्या गेल्या, आयोजकाला अटक झाली, मुख्यमंत्र्यांनी माफी मागितली, चौकशी समिती नेमली गेली आणि क्रीडामंत्र्यांनी ते खाते सोडले. तोडफोडीचे समर्थन मी करणार नाही. पण ज्या देशात वीस मिनिटांच्या दर्शनाला एवढे गिऱ्हाईक मिळते, तिथे वर्षभराच्या लीगला एक निविदा मिळू नये, हे गणित महासंघातल्या आणि मंत्रालयातल्या कोणीतरी बसून सोडवायला हवे. लोकांकडे पैसा नाही, किंवा लोकांना फुटबॉल नको आहे, ही दोन्ही उत्तरे त्या दिवशी निकालात निघाली.

६ जानेवारीला केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी जाहीर केले, की लीग १४ फेब्रुवारीपासून सुरू होईल. १४ संघ, ९१ सामने. प्रत्येक संघ दुसऱ्याशी एकदाच खेळला तर बरोबर ९१ सामने होतात, हे कागदावर मांडून पाहता येईल; म्हणजे यंदा लीगमध्ये उपांत्य फेरी आणि अंतिम सामना यांना जागा नाही. कोट्यवधींची गुंतवणूक करणारे क्लब, जवळजवळ निम्म्यावर आलेले सामने, पुढच्या वर्षाविषयी कोणतीही हमी नाही. तरीही खेळाडूंना पगार मिळेल आणि मैदानांवर गवत कापले जाईल, म्हणून मी या निर्णयाचे स्वागत करतो. हाच निर्णय ऑगस्टात घेता आला असता, हेही सोबत नोंदवून ठेवतो.

बातमी आली त्या संध्याकाळी काकांचा फोन आला. सारे वेळापत्रक अजून जाहीर व्हायचे होते. त्यांनी मोहन बागानविरुद्धचा सामना कधी असेल ते विचारले. मी म्हटले, तारीख ठरली नाही. ती ठरायची वाट न बघता ते म्हणाले, 'लिहून ठेव. शून्य-दोन.'